आमच्या गाडीची डबल बेल

आमच्या गाडीला चांगला दणदणीत हॉर्न होता, पण ती सुटायची घंटीवर.

हॉर्न नव्हे, मोबाइलची रिंग नव्हे, खरीखुरी पितळेची घंटी! पुढच्या आरशाला टांगलेली. तिला बांधलेली नायलॉनची दोरी छताच्या कडेने, प्रत्येक दारावरच्या पकडायच्या दांडीतून ओवून, थेट शेवटच्या सीटपर्यंत गेली होती. त्या दोरीच्या टोकाला माझे सासरे बसायचे. बाबा एकतीस वर्षं लाल डब्याचे कंडक्टर होते आणि रिटायर झाले ते फक्त कागदावर. घरात जेवायला बसतानासुद्धा "चला, आत सरका, दारात गर्दी करू नका" म्हणत ताटं मांडायचे.

गाडी घेतली ती बदलापूरच्या महापुराच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा आमच्या भागात लोक सेकंडहँड गाडी डोळ्यांनी बघून नव्हे, नाकाने हुंगून घ्यायचे. पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून कुणी गळ्यात मारू नये म्हणून! उल्हासनगरच्या त्या गाड्यांच्या दुकानात बाबा पायपुसणी उचलून दहा मिनिटं जमिनीला नाक लावून बसले होते. दुकानदार सिंधी, हसतमुख माणूस. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "साईं, इस गाड़ी ने पानी देखा भी नहीं है!"

"धुलाई के टाइम भी नहीं?" बाबांनी विचारलं. दुकानदाराने चहा मागवला.

गाडी पांढरी, डिझेलची, सात सीटची. पुढे दोन, मधे तीन आणि अगदी मागे समोरासमोर दोन. माझा नवरा मिलिंद बाबांना मानाने पुढच्या सीटवर बसवायला गेला, तर बाबा गाडीला वळसा घालून मागचं दार उघडून आत चढले. "कंडक्टर पुढे बसला तर गाडीकडे बघणार कोण?" म्हणाले. दुसऱ्याच दिवशी घंटी आली. तिसऱ्या दिवशी त्यांनी ब्रश घेऊन आतल्या बाजूला, मागच्या दारावर, सुरेख लाल अक्षरांत लिहिलं: "बसून ७". (उभे किती, ते लिहायला जागा सोडली होती. सासूबाईंनी ब्रश काढून घेतला.)

अंबरनाथच्या बुवापाड्यात आमच्या गल्लीत ती गाडी शिरायची, पण वळायची नाही. वळवायची तर तीन शेजाऱ्यांची पिंपं, एक स्कूटर आणि पापडांची खाट हलवावी लागायची. शिवाय गाडी मागे घेताना अख्खी गल्ली "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत बाहेर यायची. मिलिंदचा या प्रकाराने जीव अर्धा व्हायचा. तो फॅक्टरीत लेथवर केसाएवढा फरक पकडतो, पण रिव्हर्स टाकला की त्याला डावंउजवं कळेनासं होतं. दोन वेळा त्याने पिंप आडवं केलं आणि एकदा पापड.

आता खरं दुखणं सांगते. गाडी चालवायचं लायसन्स माझ्याकडेही होतं. उल्हासनगरच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमधून घेतलेलं, पहिल्याच टेस्टला! मिलिंदला तिसऱ्या टेस्टला मिळालं. (हे मी सहसा कुणाला सांगत नाही. भेटेल त्यालाच सांगते.) पण मी स्टीअरिंगवर बसले की मागून घंटी यायची नाही. मी चावी फिरवायची, इंजिन घुरघुरायचं, आरशात बाबा दिसायचे, हाताची घडी घालून, खिडकीबाहेर बघत.

"बाबा, बेल द्या ना!"

"अगं, माझा तुझ्यावर विश्वास आहे सुषमा. पण आमच्या डेपोत बाई ड्रायव्हर नव्हती. हात उठत नाही बघ."

एकदा चिडून मी घंटीशिवायच गाडी दहा पावलं पुढे नेली, तर त्यांनी "बेल नसताना गाडी हलली!" असा आकांत केला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. शाळेत साठ मुलांना एका नजरेने गप्प बसवणारी मी, पण त्या दोन टिणटिणांसाठी तळमळत होते. मला साडी नको होती, अंगठी नको होती. मला डबल बेल हवी होती.

ती मिळाली त्या दिवशी आम्ही बदलापूरच्या खरवईला निघालो होतो. माझ्या नणंदेला, उज्ज्वलाला, खरवईच्या मुलाकडून होकार आला होता आणि आता रीतीप्रमाणे आम्ही मुलाचं घर बघायला जायचं होतं. अकराची वेळ दिली होती. याआधीच्या एका स्थळाकडे आम्ही दोन तास उशिरा पोचलो होतो आणि ते लोक फाटकाला कुलूप लावून बाजारात निघून गेले होते, त्यामुळे या वेळी बाबांनी सगळ्यांना साडेनऊलाच गाडीत भरलं. पुढे मिलिंदच्या शेजारी बाबांची मोठी बहीण, आत्या. मधे सासूबाई आणि मी, मांडीवर पेढ्यांचे बॉक्स. मागे बाबा. डबल बेल झाली, गाडी सुटली, तीन पिंपं वाचली. सगळं शुभ चाललं होतं.

फक्त बाबा अस्वस्थ होते. दर दोन मिनिटांनी मागून उसासा यायचा.

"काय झालं हो?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन सीटा खाली चालल्यात."

"मग?"

"मग काय! बघवत नाही."

त्या वेळी अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावर शेअरच्या जीपा धावायच्या, त्याही पांढऱ्याच. रस्त्याच्या कडेला एक आगरी आजी उभी होती. काष्टा, कपाळावर मोठं कुंकू, हातात दोन पिशव्या. तिने आमच्या गाडीला हात केला. गाडीच्या मागच्या खिडकीतून अर्धे बाहेर आलेले बाबा तिला दिसले आणि बाबांना ती दिसली. पुढे काय झालं ते बाबांनी केलंच नाही, एकतीस वर्षांच्या सवयीने केलं. टिण! एक बेल.

एक बेल म्हणजे थांबा. मिलिंदचा पाय ब्रेकवर आपोआप गेला. बाबांनी दार उघडलं. "चला आजी, पाय वर घ्या, पिशवी मांडीवर!" आजी आत, दार बंद, टिण टिण! आम्ही माना वळवेपर्यंत गाडी पुढच्या गिअरमध्येसुद्धा गेली होती.

"ही कोण?" आत्या किंचाळली.

"मी? मी खरवयची. मना थयाच जावाचं हाय," आजी ऐसपैस बसत म्हणाली. "बरी हाय गारी. कवा लावली लायनीवर?"

"आजी, ही लाइनची गाडी नाही, घरची आहे," मी समजावलं.

आजीने मागच्या दारावर बोट ठेवलं. तिथे लाल अक्षरांत "बसून ७" होतं. वाचता येत नसावं, पण अक्षराचा थाट तिला पुरेसा होता. "मंग हे कनी लिवलं?" म्हणाली.

मी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी आकाशाकडे. तेवढ्यात पुन्हा टिण! या वेळी एक गुबगुबीत सिंधी काका, पाठीवर जीन्सच्या पँटींचं एवढं मोठं गाठोडं की आधी गाठोडं दिसलं आणि मग काका. बदलापूरच्या दुकानात माल द्यायला निघाले होते. बाबांनी गाठोडं मागे आपल्या आणि आजीच्या मधे कोंबलं, काकांना मधल्या सीटवर पाठवलं आणि माझ्याच सासूबाईंना म्हणाले, "मॅडम, जरा आत सरका."

"मॅडम?" सासूबाई हादरल्या. "अहो, चाळीस वर्षांचा संसार आहे आपला!"

काकांनी बसल्या बसल्या खिशातून भाडं काढलं. बाबांनी हात मागे ढकलला. "रहने दो. घर का गाड़ी है."

काका चक्रावले. "घर की है? तो फिर बिठाया काहे को?"

"सीट खाली था ना!"

काकांना हे पटलं असावं, कारण त्यांनी खिशातून बडीशेप काढून सगळ्यांना वाटली.

आता बाबांचा चेहरा उजळला होता. सातच्या सात सीटा भरल्या! पण पुढच्याच नाक्यावर शेअर जीपांचा स्टँड लागला आणि आमची ही समाजसेवा तिथल्या लोकांनी लांबून बघितली होती. चार-पाच जण एकदम रस्त्यात आडवे आले. मिलिंदने घाबरून जे हाताला लागलं ते ओढलं, पायाला लागलं ते दाबलं आणि गाडी गचकन बंद पडली.

"ए भाऊ, लाइन तोडून सीटा भरतो काय? आमचा नंबर कधीचा लागलाय!"

"अहो दादा, ही फॅमिली आहे," मिलिंद खाली उतरत म्हणाला.

"फॅमिली? मग हे शेठ कोण?"

सिंधी काकांनी खिडकीतून मान काढून दोन्ही हात जोडले. "नमस्ते जी. फॅमिली." फुकटच्या सीटला जागणारा माणूस! पण पाठोपाठ आजी म्हणाली, "मना रस्त्यावरशी घेतली यांनी," आणि केस संपली.

बाबा उतरले. खरं तर त्यांनी हात जोडून मोकळं व्हायचं. पण समोर प्रवासी वाहतुकीचा वाद, आणि बाबा! त्यांनी परमिट म्हणजे काय, भाडं घेतलं नाही तर गुन्हा होतो का, याच्यावर भर रस्त्यात व्याख्यान सुरू केलं. जे प्रकरण पाच मिनिटांत मिटलं असतं त्याला व्याख्यानाने बळ आलं. शेवटी ते लोक म्हणाले की आमचे प्रधान, म्हणजे युनियनचे अध्यक्ष, जेवायला घरी गेलेत, ते येईपर्यंत गाडी इथून हलणार नाही. घड्याळात सव्वादहा! (सव्वादहाला कोण जेवतं? पण विचारायची सोय नव्हती.) आत्याने पुढच्या सीटवर रडायला सुरुवात केली. "गेलं, हेही स्थळ गेलं! पोरीच्या नशिबाला ही गाडी आडवी आली गं बाई!"

तेव्हा मागचं दार उघडून आजी उतरली. तिने त्या सगळ्यांत जो सर्वांत जास्त आवाज करत होता त्याच्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

"तू बारक्या ना रं? तुजे आयसला वलखते मी. सांगू काय तिला, बायामानसांची गारी आरवतोस म्हनून?"

बारक्याचा आवाज एकदम बारीक झाला. "आजी, तसं नाय, पन नियम हाय ना..."

"तुजा नियम तुजे जवल ठेव. यांची पोर उजवाची हाय. मानूस ठेवून घे नी गारी सोर!"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. तोडगा उत्तमच होता. प्रधान येईपर्यंत जामीन म्हणून एक माणूस स्टँडवर बसेल आणि गाडी पुढे जाईल. बाबा बसायला तयार झाले, पण त्यांचं व्याख्यान ऐकलेल्या एकानेही त्यांना ठेवून घ्यायची तयारी दाखवली नाही. "ते काका नको, हे भाऊ द्या," म्हणाले. आणि माझा नवरा, फॅक्टरीतला फर्स्ट क्लास टर्नर, पावतीसुद्धा न मागता जमा झाला. त्याला बाकड्यावर बसवून त्यांनी चहाही दिला. जाताना मी हात हलवला तर तो म्हणाला, "माझी काळजी करू नकोस, उज्ज्वलाचं बघ." खरं सांगते, त्या वेळी तो मला फार आवडला.

मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की ड्रायव्हरची सीट रिकामी आहे.

मी पेढ्यांचे बॉक्स सासूबाईंच्या मांडीवर ठेवले, पदर खोचला आणि पुढे जाऊन बसले. आत्याने रडणं थांबवून सीटला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. चावी फिरवली, इंजिन सुरू झालं. आरशात बघितलं. बाबा दोरीकडे बघत बसले होते.

"बाबा, साडेदहा होत आलेत."

बाहेर बारक्या आणि मंडळी, बाकड्यावर कपबशी घेतलेला मिलिंद, सगळे टक लावून बघत होते. मी ठरवलं होतं की बेलशिवाय गाडी हलवायची नाही. स्थळ मोडलं तरी चालेल म्हणण्याएवढी काही मी वाईट नाही. पण बेलशिवाय निघण्याआधी एक मिनिट तरी वाट बघणार होते! माझे डोळे भरून आले होते आणि ते आरशात दिसू नयेत म्हणून मी उगाच काच पुसत होते.

"काय बसलाव असे?" आजीने बाबांना कोपराने ढोसलं. "तुमची ड्रायवर कवाची तयार हाय."

बाबा सावरून बसले. शर्टाची कॉलर नीट केली. खिडकीतून मागे बघितलं, पुढे बघितलं, दार खेचून बघितलं. आणि मग, अगदी डेपोतून पहिली गाडी सोडावी तसं, खणखणीत आवाजात म्हणाले, "चला, जाऊ द्या!"

टिण टिण!

काय सांगू! अंगावर काटा आला. क्लच सोडला, गाडी एक आचका देऊन थरथरली, मग जोर लावत निघाली. स्टँडवरच्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. (मिलिंदने सर्वांत जास्त. नंतर त्याने त्यांना लेथ मशीन समजावून सांगितलं म्हणे, आणि ते प्रधान येण्याआधीच त्याला रिक्षात बसवून मोकळे झाले.)

गाडी जड चालत होती. पण सहा माणसं आणि पन्नासेक जीन्स, चालणारच! मी अॅक्सिलरेटर दाबत राहिले आणि गाडी संथ, डौलात, राजघराण्यातली असल्यासारखी चालत राहिली. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते, पण मला घाई नव्हती, मला तोल सांभाळायचा होता. चिखलोलीच्या पुढे जळका वास आला. सासूबाईंनी नाकाला पदर लावून खिडकी वर केली. "या एमआयडीसीवाल्यांनी सकाळीच काय सोडलंय गं!" म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून प्रदूषणाला मनसोक्त शिव्या घातल्या.

मागे आत्याची चौकशी जोरात सुरू झाली होती, म्हणजे ती पुढच्या सीटवरून पूर्ण उलटी वळून बसली होती. आजी खरवईची, तिला मुलाचं घर माहीत असणारच!

"मुलगा कसा आहे हो?"

"पोरगा गुनाचा हाय. नलावर मोठी लाइन असली तरी म्हाताऱ्यांचा हंडा पयला लावतो."

"आणि आई?"

"बोलते जास्ती. पन पोटात काय नाय."

"तुमच्यासारखीच," सासूबाई आत्याला म्हणाल्या. "जमेल उज्ज्वलाला, तिला सवय आहे." दोन महिने नातेवाइकांकडून काढत होतो ती सगळी माहिती आजीने चार किलोमीटरांत दिली. मधे एकदा बाबांचं लक्ष माझ्या रिकाम्या झालेल्या सीटकडे गेलं आणि ते खिडकीतून बाहेर डोकावू लागले, पण सासूबाईंनी "घंटीला हात लावाल तर बघा!" असा दम भरला आणि सातवा प्रवासी वाचला.

खरवईच्या गल्ल्या आमच्या गल्लीपेक्षाही अरुंद. डावीकडे गोठा, उजवीकडे कुणाची तरी तुळस आणि मधून आमची ही सात सीटची गाडी. आजी मागून सांगत होती, मी स्टीअरिंग फिरवत होते, बाबा श्वास रोखून बसले होते. एका वळणावर मी चक्क रिव्हर्स घेतला! गल्लीतले लोक "येऊ द्या" म्हणत बाहेर यायच्या आत तो संपलासुद्धा. दाराशी पोचले तेव्हा घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी होती.

मुलाकडची मंडळी फाटकात उभी होती. "जय भीम, जय भीम, या, या!" करत त्यांनी सगळ्यांना उतरवून घेतलं. आजी उतरली, तिचं गावच होतं. पाठोपाठ सिंधी काका गाठोड्यासकट उतरले, आणि मुलाच्या वडिलांनी त्यांना मुलीचे मामा समजून खुर्ची दिली. काकांनी आधी "नहीं नहीं" केलं, मग कांदेपोह्यांची बशी आली तेव्हा बसले. गाठोड्याकडे बघून मुलाची आई आत्याला हळूच म्हणाली, "अहो, आधीच एवढं कशाला आणलंत?"

"आणि गाडी कुणी आणली एवढ्या गल्लीतून?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. "आमच्याकडचे लोक बाहेर मैदानातच लावतात."

मी मान खाली घातली. लाजले म्हणून नव्हे, हसू आवरेना म्हणून. बाबा पुढे झाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही आमची सून. एकतीस वर्षं सर्व्हिस केली, शंभर ड्रायव्हर बघितले. पण गाडी एवढी जपून, एवढी शांत चालवणारा माणूस बघितला नाही! एक गचका नाही, एकदा जोराचा ब्रेक नाही. आजपासून आमच्या गाडीची ड्रायव्हर हीच!"

सासूबाईंनी डोळे पुसले. आत्यानेही पुसले. मुलाच्या आईने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "आमच्या पोरीलाही शिकवाल का?" मी म्हटलं, "हो, त्यात काय आहे एवढं!" एवढी उंच मी आयुष्यात कधी झाले नव्हते, लग्नात चौरंगावर उभी होते तेव्हासुद्धा नाही.

"सूनबाई, गाडी फक्त जरा सावलीत घ्या," मुलाचे वडील म्हणाले.

मी चावी बोटावर फिरवत गेले. सगळं अंगण कौतुकाने बघत होतं. गाडी चार हात मागे घेऊन झाडाखाली लावली, इंजिन बंद केलं आणि ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवल्याप्रमाणे शेवटचं काम म्हणून हँडब्रेक ओढायला हात घातला.

तो नाक्यापासून ओढलेलाच होता.